गिळता यावं म्हणून

अन्ननलिकेच्या कर्करोगाची पहिली खबर जेवताना लागते. साठीच्या आसपासचा माणूस जेवता जेवता थांबतो, छातीच्या मधोमध हात ठेवतो, दोन घोट पाणी पितो आणि घास खाली गेला की पुन्हा जेवू लागतो. "किती घाईनं जेवता," असं घरचे म्हणतात आणि विषय तिथंच संपतो. मग तो भाकरी आमटीत कुस्करून खाऊ लागतो. काही आठवड्यांनी भाकरी सुटते आणि ताटात भातच उरतो. भात मऊ होतो, मऊ भाताची पेज होते, पुढे पेजही गाळून घ्यावी लागते. दवाखान्यात येईपर्यंत त्याचं वजन आठ-दहा किलोंनी उतरलेलं असतं. डॉक्टर विचारतात, "काका, काय काय उतरतं?" उत्तर सोबत आलेली सून देते: "चहा घेतात, दूध घेतात. पाण्याचा मात्र कधी कधी ठसका लागतो."

या माणसानं दुखणं अंगावर काढलं, असं म्हणून मोकळं होता येत नाही. उशीर होण्यामागे शरीराच्या रचनेचंच एक कारण आहे. अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, स्नायूंची लवचीक नळी. एरवी ती मिटलेली असते आणि घास आला की दोन सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त रुंद होते. तिच्या भिंतीत गाठ वाढू लागली, तरी उरलेला निरोगी भाग जास्त ताणला जातो आणि घासाला वाट करून देतो. पोकळी साधारण १३ मिलिमीटरच्या खाली आली की घट्ट अन्न अडकायला लागतं. तोवर गाठीनं नळीचा बराचसा घेर व्यापलेला असतो. शिवाय आतड्यांना बाहेरून असतं तसं पातळ आवरण अन्ननलिकेच्या बहुतेक भागाला नसतं, त्यामुळे रोग भिंतीबाहेर पडून शेजारची श्वासनलिका, महाधमनी आणि लसिकाग्रंथी लवकर गाठतो.

जगात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार माणसं त्यानं दगावली. हे दोन आकडे इतके जवळजवळ असावेत, यातच या रोगाचं स्वरूप कळतं. भारतात दरवर्षी ६० ते ७० हजारांच्या घरात नवे रुग्ण आढळतात. आपल्याकडचा कर्करोग बहुतेक वेळा नळीच्या आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींत सुरू होतो. तंबाखू, विडी-सिगारेट आणि दारू ही त्याची मोठी कारणं. पाश्चात्त्य देशांत नळीच्या खालच्या टोकाशी, जठरातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिल्यामुळे होणारा दुसरा प्रकार जास्त दिसतो. प्रकार कोणताही असो, निदान होतं तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांची गाठ शस्त्रक्रियेनं पूर्ण काढता येण्यापलीकडे गेलेली असते.

अशा वेळी बऱ्याच घरांत एक वाक्य ऐकू येतं: "डॉक्टर म्हणाले, आता काही करण्यासारखं नाही." हे वाक्य अपुरं आहे. रोग मुळापासून काढता येत नसेल, तरी नळीतला अडथळा दूर करता येतो. गिळणं परत मिळवून देणं हा स्वतंत्र उपचार आहे. त्याचं यश मोजता येतं, त्याचे धोके माहीत आहेत आणि त्यात निवडीला वाव आहे. ही निवड मुख्यतः दोन प्रश्नांवर ठरते: आराम किती लवकर हवा, आणि तो किती काळ टिकायला हवा?

त्रासाची मोजपट्टी

गिळण्याचा त्रास जगभरचे डॉक्टर शून्य ते चार अशा पाच पायऱ्यांत मोजतात. शून्य म्हणजे सगळं खाता येतं. एक म्हणजे घट्ट पदार्थांपैकी काही उतरतात, काही अडकतात. दोन म्हणजे वरण-भात, खिमट, शिरा असं मऊच अन्न जातं. तीन म्हणजे फक्त पातळ. चार म्हणजे काहीच नाही, स्वतःची लाळसुद्धा नाही.

ही चौथी पायरी जवळून पाहिल्याशिवाय तिची कल्पना येत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला एक ते दीड लिटर लाळ तयार होते. आपण ती नकळत गिळत असतो. नळी पूर्ण बंद झालेल्या रुग्णाला ती सगळी थुंकावी लागते. उशाशी भांडं असतं, हातात रुमाल असतो. झोप लागली की साचलेली लाळ श्वासनलिकेत उतरते आणि माणूस खोकत जागा होतो. म्हणून तो आडवा व्हायला घाबरतो आणि उशांना टेकून बसल्या बसल्या रात्र काढतो. हीच लाळ फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती असते. उपासमार तर असतेच. अशा माणसाला सलाइन लावून घरी पाठवणं म्हणजे उपचार नव्हे.

हस्तिदंतापासून प्लास्टिकपर्यंत

अरुंद झालेल्या अन्ननलिकेत नळी बसवून वाट मोकळी ठेवावी, ही कल्पना पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. १८४५ साली फ्रान्समधल्या लेरॉय द'एत्योल यांनी मऊ केलेल्या हस्तिदंताची नळी वापरून पाहिली. १८८० च्या दशकात लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले शल्यविशारद चार्टर्स सिमंड्स यांना या कामात यश आलं. नळी घसरून पोटात जाऊ नये म्हणून तिला रेशमी दोरा असे आणि तो तोंडावाटे बाहेर आणून रुग्णाच्या कानाशी किंवा मिशीला बांधून ठेवत. क्लोरोफॉर्म आणि ईथरच्या त्या काळात एवढी खटपट करावीशी वाटली, ती रुग्णाचे हाल डोळ्यांनी दिसत होते म्हणूनच.

१९२० च्या दशकात हेन्री सुटार यांनी जर्मन सिल्व्हर या मिश्रधातूच्या तारेची वेटोळी नळी तयार केली. ती वाकू शकत असे, त्यामुळे कडक नळीपेक्षा सोसवे. याच सुटार यांनी १९२५ साली एका मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून आवळलेली झडप मोकळी केली होती आणि हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासात त्यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. अन्ननलिकेतल्या त्यांच्या तारेच्या नळीची आठवण मात्र फार थोड्यांना आहे.

१९५९ साली सेलेस्टिन यांची नळी आली. ती बसवायला पोट उघडून जठराला छेद घ्यावा लागे आणि तिथून नळी खाली ओढून घ्यावी लागे. काही महिन्यांचंच आयुष्य हाती असलेल्या, उपासमारीनं खंगलेल्या माणसावर ही मोठी शस्त्रक्रिया होई आणि तिच्यातून सगळे उठत नसत. १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला अॅटकिन्सन यांनी दुर्बिणीच्या मदतीनं, तोंडावाटेच प्लास्टिकची नळी बसवण्याची पद्धत रूढ केली. पोट उघडण्याची गरज संपली.

तरी एक अडचण उरली. प्लास्टिकची नळी आहे त्या जाडीचीच आत न्यावी लागते. तिची आतली पोकळी १० ते १२ मिलिमीटर असली, तरी भिंतीची जाडी धरून बाहेरचा व्यास बराच मोठा होतो. तेवढी नळी जाण्यासाठी गाठीचा भाग आधी जोर लावून रुंद करावा लागे, आणि कर्करोगानं ठिसूळ झालेली भिंत त्या जोरानं फाटत असे. आत जाताना बारीक आणि आत गेल्यावर रुंद होईल, अशा वस्तूची गरज होती. ती पुरी केली एका धातूनं.

आकार लक्षात ठेवणारा धातू

निकेल आणि टायटॅनियम यांचा जवळपास समसमान मिश्रधातू म्हणजे नायटिनॉल. त्याच्या इंग्रजी नावात ही दोन मूलद्रव्यं आहेत आणि तो जिथं सापडला त्या अमेरिकी नौदलाच्या आयुध प्रयोगशाळेची आद्याक्षरंही आहेत. विल्यम ब्यूलर १९५९ च्या सुमारास तिथं क्षेपणास्त्रांच्या टोकासाठी मजबूत धातू शोधत होते. या मिश्रधातूची घड्या घातलेली एक पट्टी १९६१ साली प्रयोगशाळेतल्या एका बैठकीत हातोहात फिरत होती. एकानं तिला लायटरची आच दाखवली आणि पट्टी आपोआप ताणून सरळ झाली. ठरावीक तापमानाला दिलेला आकार हा धातू लक्षात ठेवतो. वाकवला, दाबला, तरी संधी मिळताच मूळ आकाराकडे परत जातो. शरीराच्या उष्णतेत तो स्प्रिंगसारखा लवचीकही राहतो.

या धातूच्या बारीक तारा विणून नळीच्या आकाराची जाळी, म्हणजे स्टेंट, करतात. आपल्याकडे रुग्ण आणि नातेवाईक स्टेंटला सरळ 'जाळी' म्हणतात, ते योग्यच आहे. मात्र हृदयातल्या जाळीचा अनुभव घरात असेल, तर तो इथं लावू नये. हृदयाच्या धमनीतला स्टेंट अडीच ते चार मिलिमीटर रुंदीचा असतो आणि तो फुग्यानं फुगवून बसवतात. अन्ननलिकेतली जाळी पूर्ण उघडल्यावर साधारण १८ ते २३ मिलिमीटर रुंद आणि बहुधा १० ते १५ सेंटिमीटर लांब असते आणि ती आपली आपण उघडते. बसवण्यापूर्वी ती मिटलेल्या छत्रीसारखी सहा ते आठ मिलिमीटरच्या म्यानात दाबून ठेवलेली असते. म्यान मागे ओढलं की ती फुलते.

प्लास्टिकची नळी आणि धातूची जाळी यांची समोरासमोर तुलना १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण ४२ होते. निम्म्यांना प्लास्टिकची नळी मिळाली, निम्म्यांना जाळी. गिळण्यातली सुधारणा दोन्हींत सारखीच होती. फरक पडला तो इजा आणि बिघाडांमध्ये. प्लास्टिकच्या गटात ९ जणांना नळी बसवताना किंवा नंतर तिच्यामुळे गुंतागुंत झाली, जाळीच्या गटात एकालाही नाही. पुढच्या दशकात प्लास्टिकच्या कडक नळ्या बहुतेक ठिकाणी मागे पडल्या.

सुरुवातीच्या जाळ्या उघड्या होत्या. त्यांच्या छिद्रांतून गाठ आत वाढायची आणि वाट पुन्हा बंद व्हायची. म्हणून जाळीवर सिलिकॉन किंवा तत्सम पदार्थाचं पातळ आवरण चढवलं गेलं. आता गाठ आत शिरेना, पण गुळगुळीत आवरणामुळे जाळी घसरू लागली. यावर काढलेला मध्यममार्ग म्हणजे मधला भाग झाकलेला आणि दोन्ही टोकं उघडी व थोडी पसरट ठेवलेली जाळी. टोकं भिंतीत रुततात, जाळी जागेवर राहते. आज पूर्ण झाकलेल्या आणि अर्धवट झाकलेल्या अशा दोन्ही जाळ्या वापरात आहेत. पूर्ण झाकलेली जाळी गरज पडल्यास काढणं सोपं जातं. तिच्या वरच्या कडेला त्यासाठी दोरा ओवलेला असतो. तो चिमट्यात पकडून ओढला की तोंड आवळतं आणि जाळी बाहेर काढता येते.

आवरणाचा आणखी एक मोठा उपयोग आहे. कर्करोग कधी कधी अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामधली भिंत पोखरतो आणि दोहोंत भोक पडतं. मग पाण्याचा प्रत्येक घोट थेट फुप्फुसात जातो, प्रत्येक घोटाला जीवघेणा खोकला येतो. झाकलेली जाळी हे भोक आतून बुजवते. या दुखण्यात तिच्याइतका कामी येणारा दुसरा उपाय नाही.

एंडोस्कोपीच्या खोलीत

जाळी बसवायला बहुतेक वेळा अर्धा तास पुरतो. तयारीत मात्र घाई चालत नाही. सीटी स्कॅनवरून गाठ कुठं आहे, किती लांब आहे, श्वासनलिकेवर तिचा दाब येतोय का, हे आधी पाहून ठेवतात. श्वासनलिका आधीच दबलेली असेल, तर अन्ननलिकेत फुललेली जाळी तिला आणखी दाबू शकते. तिथं आधी श्वासाची वाट सुरक्षित करावी लागते.

रुग्ण डाव्या कुशीवर झोपतो. घशात बधिर करणारा कडू फवारा मारतात, दातांमध्ये प्लास्टिकचं कडं ठेवतात, शिरेतून गुंगीचं औषध देतात. दुर्बीण खाली सरकते आणि सारी मापं पुढच्या दातांपासून सेंटिमीटरमध्ये सांगितली जातात. समजा, गाठ २८ सेंटिमीटरवर सुरू झाली आणि ३४ वर संपली. म्हणजे गाठ सहा सेंटिमीटरची. जाळीला दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन सेंटिमीटर निरोगी भागाचा आधार हवा, म्हणून दहा किंवा त्याहून थोड्या जास्त लांबीची जाळी निवडतात. गाठीच्या वरच्या आणि खालच्या कडेची जागा एक्स-रेवर दिसावी म्हणून रुग्णाच्या छातीवर धातूची खूण चिकटवतात. त्यासाठी कागदाला लावायची साधी पिनसुद्धा चालते.

आता सगळ्यात नाजूक काम. मऊ टोकाची बारीक तार गाठीतल्या अरुंद वाटेतून पुढे सरकवायची. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर ती काळ्या रेघेसारखी उतरताना दिसते. जठरात पोचून तिथं तिचं वेटोळं झालेलं दिसलं की जीव भांड्यात पडतो, कारण तार योग्य जागी गेली याचा तो पुरावा असतो. मग तारेवरून म्यान आत नेतात, दोन्ही खुणा पाहून जागा पक्की करतात आणि म्यान हळूहळू मागे घेतात. काही जाळ्या उघडताना लांबीला आखूड होतात, त्याचा हिशेब आधीच धरावा लागतो. पडद्यावर आधी खालचं टोक फुलतं, मग वरचं. गाठीच्या जागी जाळी मधोमध आवळलेली दिसते. तिला तिथंच सोडून देतात. पुढच्या एक-दोन दिवसांत ती स्वतःच्या जोरानं गाठ बाजूला सारत पूर्ण उघडते. जोर लावून लगेच उघडायला गेलं तर भिंत फाटू शकते.

शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक रुग्णांत जाळी ठरल्या जागी बसवता येते. काही तासांनी पाण्याचे घोट देतात, दुसऱ्या दिवसापासून मऊ अन्न. तिसऱ्या पायरीवर असलेला रुग्ण सर्वसाधारणपणे पहिल्या-दुसऱ्या पायरीपर्यंत येतो. ज्याला पाणी उतरत नव्हतं, तो दोन-तीन दिवसांत वरण-भात खाऊ शकतो. कर्करोगाच्या उपचारांत इतक्या लवकर दिसणारा आराम फार थोड्या ठिकाणी मिळतो.

लवकर हवा की टिकाऊ?

मग प्रत्येकालाच जाळी का बसवू नये? या प्रश्नाचं उत्तर नेदरलँड्समधल्या एका अभ्यासानं दिलं, तो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २०९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला जाळी बसवली. दुसऱ्याला ब्रॅकीथेरपी दिली, म्हणजे अन्ननलिकेत बारीक नळी घालून किरणोत्सर्गी स्रोत गाठीशेजारी काही मिनिटं ठेवला आणि एकाच वेळी १२ ग्रे इतका डोस दिला. जाळीच्या गटाला आराम लवकर पडला. पण काही महिन्यांनंतर ब्रॅकीथेरपीचा गट गिळण्यात पुढे होता आणि जगण्याची प्रतही त्यांची चांगली राहिली. जाळीच्या गटात ३३ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, दुसऱ्या गटात २१ टक्क्यांना. उशिरा होणारा रक्तस्राव हे या फरकाचं मुख्य कारण होतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. रुग्णाची प्रकृती खालावलेली आहे, हाताशी थोडेच आठवडे-महिने आहेत, लाळही उतरत नाही, तर जाळी हा उत्तम उपाय. प्रकृती बरी आहे, थोडंफार मऊ अन्न जातंय, केमोथेरपी सोसेल अशी स्थिती आहे, तर रेडिएशन किंवा ब्रॅकीथेरपीचा विचार आधी व्हावा. बाहेरून द्यायच्या रेडिएशनचा आराम काही आठवड्यांनी जाणवतो आणि सुरुवातीला सुजेमुळे गिळणं जास्तच अवघड वाटू शकतं. पण मिळालेला आराम जास्त टिकतो. ब्रॅकीथेरपीची सोय मात्र मोठ्या कर्करोग केंद्रांतच असते, हेही लक्षात घ्यावं लागतं.

दोन्ही एकत्र दिले तर? ब्रिटनमध्ये २२० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जाळीनंतर बाहेरून रेडिएशन देऊन पाहिलं. गिळण्याचा त्रास परत येण्याचं प्रमाण त्यानं कमी झालं नाही. रक्तस्रावाच्या घटना तेवढ्या घटल्या. म्हणून जाळी बसली की सगळ्यांनाच रेडिएशन, असा नियम करता येत नाही. गाठीतून रक्त जाण्याचा धोका दिसतो, अशांसाठी त्याचा विचार करतात. आणि ज्यांची गाठ शस्त्रक्रियेनं काढणं शक्य आहे, त्यांना मधल्या काळापुरती म्हणून जाळी बसवू नये, असं युरोपातल्या एंडोस्कोपीतज्ज्ञांच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे.

घशाच्या अगदी जवळची गाठही अवघड. अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाशी स्नायूंचं कडं असतं. त्याच्या दोन सेंटिमीटरच्या आत जाळीचं टोक आलं, तर घशात सतत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, ते सहन होत नाही. अशा वेळी, किंवा रेडिएशन-केमोच्या काळात पोषण टिकवायला, नाकातून जठरात जाणारी नळी किंवा पोटावरून जठरात अथवा लहान आतड्यात बसवलेली नळी उपयोगी पडते. नळीनं पोषण होतं, औषधं देता येतात. पण तोंडात लाळ साचणं तसंच राहतं आणि चव जाते ती जातेच. जाळी आणि नळी यांतला हा फरक रुग्णाला सांगितला गेला पाहिजे, कारण त्याच्यासाठी काय महत्त्वाचं आहे ते तोच ठरवू शकतो.

जाळी बसल्यावर

पहिले काही दिवस छातीत दुखतं. जाळी उघडत असल्याचं ते लक्षण असतं आणि त्यावर भरपूर वेदनाशामक औषध द्यावं. काहींना काही दिवस मॉर्फिनही लागतं. दुखणं अचानक वाढलं, ताप आला, मानेच्या कातडीखाली हवा साठून ती फुगल्यासारखी झाली, श्वास लागला, काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली, तर तडक रुग्णालय गाठावं.

पुढचे त्रास सावकाश येतात. जाळी खाली घसरते, विशेषतः ती जठराच्या तोंडाशी बसवली असेल तर. गाठ जाळीच्या वरच्या किंवा खालच्या टोकाशी वाढते. एखादा घास अडकून बसतो. सुमारे तिघांतल्या एका रुग्णाला कधी ना कधी पुन्हा गिळायला त्रास होतो. त्यातलं बरंचसं दुरुस्त करता येतं: अडकलेला घास दुर्बिणीनं काढता येतो, जाळीत दुसरी जाळी बसवता येते. म्हणून पुन्हा घास अडकू लागला, तर आता संपलं असं समजून घरी बसू नये.

जाळीला स्नायू नाहीत. निरोगी अन्ननलिका घास पुढे ढकलते, जाळी ढकलत नाही. तिच्यातून अन्न स्वतःच्या वजनानं उतरतं. त्यामुळे ताठ बसून जेवायचं, जेवल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही, घास लहान घ्यायचा, तो पार बारीक होईपर्यंत चावायचा आणि मध्ये मध्ये कोमट पाणी प्यायचं. दात नसतील तर कवळी नीट करून घ्यावी, नाहीतर अन्न मिक्सरमधून काढावं. आटवल, मऊ खिचडी, नाचणीची आंबील, रव्याची खीर, दही-भात, उकडून कुस्करलेला बटाटा, अंड्याची मऊ भुर्जी, काटे काढलेला मासा, हे सगळं चालतं. पोळी-भाकरी खायची इच्छा झाली, तर ती दुधात किंवा आमटीत पूर्ण भिजवून. पावाचा गोळा, मटणाचे तुकडे, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, संत्र्याच्या फोडी, कच्च्या पालेभाज्यांचे धागे आणि खोबऱ्याचे तुकडे यांच्यापासून लांब राहावं, कारण हेच जाळीत अडकतात.

बराच काळ उपाशी राहिलेल्या माणसाला जाळी बसल्या दिवशीच पोटभर खाऊ घालण्याचा मोह घरच्यांना होतो. तो आवरावा. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न मिळालं, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतं. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, आणि प्रमाण हळूहळू वाढवत, हीच पद्धत सुरक्षित.

जाळी जठराच्या तोंडापलीकडे गेली असेल, तर तिथली झडप कायम उघडी राहते आणि जठरातलं आम्ल वर येतं. अशा रुग्णाला आम्ल कमी करणारी गोळी कायम घ्यावी लागते. रात्री पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू उंच करावी. नुसत्या दोन उशांनी हे काम होत नाही, कारण मान उचलली जाते, धड तसंच राहतं.

काय सांगायचं, काय विचारायचं

जाळीनं गिळता येतं. ती कर्करोग बरा करत नाही आणि आयुष्यही वाढवत नाही. हे रुग्णाच्या घरच्यांना आधी स्पष्ट कळायला हवं. नाहीतर जाळी बसल्यावर माणूस जेवू लागलेला पाहून सगळ्यांच्या आशा भलत्याच वाढतात आणि काही आठवड्यांनी अपेक्षाभंगाचं दुःख वेगळं सोसावं लागतं. सांगायची वेळ आली की आपल्याकडे डॉक्टर मुलाला किंवा जावयाला बाजूला बोलावतात आणि आत बसलेल्या रुग्णाला कुणीच काही सांगत नाही. त्याला मात्र बहुतेक वेळा सगळं उमगलेलं असतं. आपल्या दुखण्याबद्दल ऐकायचं का, किती ऐकायचं, हे त्यालाच विचारणं हा त्याचा मान आहे.

जाळी हा पूर्ण उपचाराचा एक भाग आहे. वेदना, खोकला, अशक्तपणा, भीती, घरच्यांची दमछाक, यांची काळजी घेणाऱ्या उपशामक सेवेची जोड तिला हवी. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन हे भारतातलं पहिलं हॉस्पिस चालू आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून काम करतं. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही या सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. मॉर्फिन मिळण्यातले कायद्याचे अडथळे २०१४ च्या दुरुस्तीनं बरेच कमी झाले. तरी जिल्ह्याच्या ठिकाणी ते सहज मिळत नाही, आणि ही उणीव शासनानं आणि डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून भरून काढायला हवी.

घरात असा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना पाच प्रश्न विचारा. गाठ शस्त्रक्रियेनं निघणार नाही, हे सगळ्या संबंधित तज्ज्ञांनी मिळून ठरवलं आहे का? यांच्या बाबतीत जाळी चांगली की रेडिएशन, आणि का? जाळी कोणत्या प्रकारची असेल आणि ती काढता येईल का? ती घसरली किंवा बंद पडली, तर रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा? आणि खर्च किती येईल? शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. आपल्या रुग्णाच्या उपचाराला योजनेतून किंवा धर्मादाय निधीतून काय मदत मिळू शकते, ते त्याच्याकडे आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी करून ठेवा.

कर्करोगावर उपाय उरला नाही, असं सांगितलं गेलं तरी गिळण्याच्या त्रासावर उपाय उरलेला असतो. तो रुग्णाचा हक्क आहे. तो मागून घ्या.